काउंटरवरची मुलगी "नाही" म्हणते, तेव्हा ते नेमकं कोण म्हणत असतं?

जिन्नस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पुण्यातल्या एका सुपरमार्केट साखळीच्या मुख्य कचेरीत मी अकरा वर्षं काढली, गेल्या महिन्यात नोकरी सोडली. माझं टेबल आयटम मास्टरचं. म्हणजे दुकानात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव, बारकोड, एमआरपी, विक्रीचा भाव, जीएसटीचा दर, एका बॉक्समध्ये किती नग, हे सगळं कॉम्प्युटरात भरणारी माणसं आम्ही. ग्राहकाची आणि आमची कधी गाठ पडत नाही. पण बिलिंग काउंटरवर तुमचं जे काही होतं त्यातलं अर्धंअधिक आमच्या खोलीत आधीच ठरलेलं असतं, आणि बोलणी खाते ती काउंटरवरची पोरगी. हा धागा त्यासाठी.

सहा साबणांपासून सुरुवात करतो. एक बाई तीन गुलाबाचे आणि तीन चंदनाचे साबण घेऊन येतात. कंपनी एकच, भाव सारखा. कॅशियर गुलाबाचा एक साबण स्कॅन करते, सहाचा आकडा दाबते, सहाही पिशवीत टाकते. बिल बरोबर, पैसे बरोबर, रांग पुढे सरकली. कॉम्प्युटरच्या हिशेबी मात्र सहा गुलाब गेले आणि चंदन एकही गेला नाही. असं पंधरा दिवस चाललं की चंदनाचा कप्पा रिकामा पडतो आणि स्क्रीनवर अठरा नग शिल्लक दिसत राहतात. ऑर्डर काढणारं सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा आकडा बघतं, कप्प्यात कोणी डोकावत नाही. अठरा आहेत ना, मग मागवायचे कशाला? महिनाभर चंदन येतच नाही. तुम्ही विचारता तेव्हा तिथला पोरगा सांगतो, "स्टॉक दाखवतोय, पण सापडत नाहीये." तुम्हाला वाटतं हा टाळतोय. तो अगदी खरं बोलत असतो.

त्या कॅशियरने कामचुकारपणा केला असंही समजू नका. मिनिटाला किती नग स्कॅन झाले याचा हिशेब तिच्या लॉगिनवर राहतो आणि महिनाअखेरीस तोच कागद तिच्यापुढे ठेवतात. एक स्कॅन करून सहा दाबायला तिला त्या कागदाने शिकवलं.

निकोल डीहोरेशस आणि अनंत रामन या दोन संशोधकांनी एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांमधल्या जवळपास ३,७०,००० स्टॉकनोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या होत्या. त्यांचा लेख २००८ साली आला. ६५ टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. मी तो आकडा वाचला तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावर कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

याच्या बरोब्बर उलटंही होतं. दिवाळीच्या आधीचा आठवडा, गाडी दुपारी चारला आली. उटण्याचे बॉक्स सरळ शेल्फवर लागले, कारण गर्दी होती. पण मालाचं इनवर्ड करणारा, म्हणजे आलेला माल कॉम्प्युटरात चढवणारा माणूस एकच आणि त्याच्यापुढे चलनांचा ढीग. संध्याकाळी एक आजी उटण्याची चार पाकिटं घेऊन काउंटरवर गेल्या तर स्क्रीन म्हणे शिल्लक शून्य, बिल होणार नाही. आजींच्या हातात पाकीट आहे, कॉम्प्युटरात नाही. आजी म्हणाल्या, "अगं, हे काय मी घरून आणलंय का?" मुलीला काही करता आलं नाही, कारण निगेटिव्ह स्टॉकमध्ये, म्हणजे शिल्लक शून्य दिसत असतानाही, बिल करायचं बटण आम्ही दोन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. का, तर एका दुकानात त्याचा फायदा घेऊन माल मागच्या दाराने गेला होता. काउंटरवरचे असले बहुतेक अडथळे शोधत मागे गेलात तर कुठल्या तरी जुन्या चोरीपाशी नाहीतर ऑडिटच्या शेऱ्यापाशी पोचता. चोर कधीच गेला, आजी अजून रांगेत आहेत.

आता २१ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीबद्दल. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर. साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप-लोणी १२ वरून ५ वर. आम्ही रात्रभर दर बदलत होतो. पाकिटांवर छापील एमआरपी जुनीच होती, त्यामुळे सकाळी ग्राहकाच्या हातात एक आकडा, शेल्फच्या पट्टीवर दुसरा आणि बिलावर तिसरा. आणि दिवसभर प्रत्येक काउंटरवर एकच प्रश्न: "१८ चे ५ झाले, मग १३ टक्के कमी का नाही?"

हिशेब असा आहे. १०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर, म्हणजे एमआरपी ११८. आता कर ५, म्हणजे किंमत १०५. ११८ वर १३ रुपये कमी झाले, ते ११ टक्के होतात. कारण एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. पण हे तीन ओळींत बिलाच्या खाली छापायला हवं होतं आणि ते आम्हाला सुचलं नाही. रात्रभर आम्ही कराचे रकाने बरोबर भरले. बिल हातात घेऊन उभा राहणारा माणूस आमच्या यादीतच नव्हता. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या दिवशी आमच्या कोथरूडच्या दुकानातली एक मुलगी दुपारी रडून घरी गेली.

तुमचेही अनुभव लिहा. दुकानांची नावं नकोत, काय घडलं तेवढं पुरे.

पाणपोई

फार चांगला धागा. चंदनाच्या साबणाचं वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या नाशिकच्या दुकानात मी एका मुलाला याच कारणावरून बोलले आहे.

माझा प्रश्न मोबाईल नंबरचा. एक दुधाची पिशवी घेतली तरी नंबर विचारतात. नाही दिला तर "मॅडम, पुढे जात नाही" म्हणतात. खरंच जात नाही का?

जिन्नस

पाणपोईताई, काही ठिकाणी खरंच जात नाही. तो रकाना भरल्याशिवाय पुढची स्क्रीन उघडणार नाही असं कोणीतरी ठरवलेलं असतं. आमच्याकडे होतंच तसं. नंबर न देणारं गिऱ्हाईक आलं की मुली दहा वेळा ९ दाबायच्या. वर्षाअखेरीला आमच्या यादीत सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण निघालं, तर हा दहा नवांचा माणूस. तरी रकाना सक्तीचाच राहिला, कारण मार्केटिंगला महिन्याला किती नंबर जमले ते दाखवायचं असायचं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं की मोबाईल नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारू नका. तेव्हा शांतपणे "नंबर द्यायचा नाही" एवढंच सांगा. मुलीशी वाद घालू नका, मॅनेजरला बोलवा. रकाना सक्तीचा आहे ही तक्रार वरपर्यंत जायला हवी, आणि ती मॅनेजरच पाठवू शकतो.

तांबडी_माती

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे. आजोबांचं, मग वडिलांचं, आता माझं. तुमचं पटलं, पण एक बाजू राहिली ती सांगतो.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा सॉफ्टवेअर घेतलं. त्याआधी वडील रद्दीच्या कागदावर बिल करायचे, वीस आकड्यांची बेरीज तोंडी, पेन्सिल कानाला. गिऱ्हाईक आलं की आधी "लेकीचं बाळंतपण झालं का" आणि मग साखर किती. आता मी स्क्रीनकडे बघत बोलतो. हे गेलं ते गेलं, मान्य.

पण सॉफ्टवेअरने मला काय दिलं? मुदत संपत आलेला माल महिनाभर आधी दिसतो. पूर्वी लहान मुलांच्या पिठाचा डबा मुदत उलटलेला विकला गेला होता आमच्याकडून, देवाची कृपा म्हणून काही झालं नाही. तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून वही चांगली आणि कॉम्प्युटर वाईट असं कोणी म्हटलं की मला ते पटत नाही.

माझं खरं दुखणं एमआरपीचं. बिस्किटाचा बारकोड मारला की खिडकी उघडते: १० रुपये, ९ रुपये, आणखी एक कुठलीतरी जुनी. कुठली निवडू? पुडा उलटा करायचा, बारीक छपाई शोधायची, मग निवडायचं. बायको काउंटरवर बसते तेव्हा तिला चष्मा बदलावा लागतो. सप्टेंबरनंतर तर दर दुसऱ्या वस्तूला ही खिडकी. चुकून वरची एमआरपी दाबली गेली तर आम्ही गुन्हेगार, कारण छापील किमतीच्या वर घेताच येत नाही. कंपन्या एमआरपी बदलतात तेव्हा बारकोड का बदलत नाहीत?

जिन्नस

दादा, हा प्रश्न अकरा वर्षं मी रोज विचारला.

बारकोड ज्या जगात जन्मला तिथे दुकानदार स्वतः भाव ठरवतो. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावी पहिल्यांदा दुकानात बारकोड स्कॅन झाला, च्युइंगमचं एक पाकीट. त्या रेघांमध्ये किंमत नव्हतीच. वस्तू कोणती, एवढंच. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरात. आजही ८९० ने सुरू होणारा आपला तेरा आकडी बारकोड फक्त ओळख सांगतो. पाकिटावर कंपनीनेच कमाल किंमत छापायची ही आपली पद्धत त्या रेघांना माहीतच नाही. म्हणून एकच बारकोड, तीन एमआरपी, आणि निवडायचं काम वहिनींच्या चष्म्यावर.

यावर उपाय आहे. क्यूआरसारख्या चौकोनी कोडमध्ये बॅच आणि मुदतसुद्धा बसते, आणि बॅचवरून एमआरपी ओळखता येते. २०२७ अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतले स्कॅनर ते वाचायला तयार असावेत असं बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ या संस्थेचं उद्दिष्ट आहे. पण आपल्याकडे तो कोड छापला जाईपर्यंत आणि तुमचं सॉफ्टवेअर तो वाचेपर्यंत पुडा उलटा करावाच लागणार. तोवर एक करा. सॉफ्टवेअरवाल्याला सांगून जिची शिल्लक शून्य झाली ती एमआरपी खिडकीत दिसणार नाही अशी सोय करून घ्या. बहुतेक पॅकेजांमध्ये ती असते, फक्त चालू केलेली नसते.

हिमवाट

कॅनडातल्या मिसिसॉगाहून लिहितोय. आमच्याकडे या विषयावरचं सगळ्यात मोठं उदाहरण घडून गेलं, टार्गेट कॅनडाचं. अमेरिकेतली एवढी यशस्वी साखळी, मार्च २०१३ ला ओंटारियोत पहिली दुकानं उघडली, बघता बघता १३३ झाली, आणि जानेवारी २०१५ मध्ये सगळंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सतराएक हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या.

बाहेरून लोकांना दिसलं ते एवढंच की शेल्फ रिकामे आहेत. आत काय होतं ते नंतर पत्रकारांनी खणून काढलं. कॅनडासाठी नवी यंत्रणा घेतली होती आणि घाईत सुमारे ७५,००० वस्तूंची माहिती हातांनी भरून घेतली. भरणारी पोरं नवखी. लांबीच्या रकान्यात रुंदी, सेंटिमीटरच्या जागी इंच. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते एका खोक्यात जे मावायला हवं ते प्रत्यक्षात मावेना, किंवा शेल्फवर जागा उरेना. तपासलं तेव्हा माहिती जेमतेम ३० टक्के बरोबर निघाली. अमेरिकेतल्या त्यांच्याच यंत्रणेत हे प्रमाण ९८-९९ टक्के होतं. गोदामं ओसंडून वाहतायत आणि दुकानं रिकामी, हे एकाच वेळी.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट पुढची. काही कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की वस्तूची आपोआप ऑर्डर होण्याचं बटण बंद केलं की ती वस्तू "संपली" म्हणून अहवालात येतच नाही. मग त्यांनी बटणं बंद करायला सुरुवात केली. अहवाल सुधारला, शेल्फ आणखी रिकामे. जिन्नस यांनी सांगितलेली सहा साबणवाली मुलगी आणि ही माणसं, दोघांचं मूळ एकच आहे.

अल्पविराम

मी ठाण्यात दोन वर्षं कॅशियर होते, कॉलेज करता करता. हा धागा वाचून खूप भरून आलं. आपली बाजू कोणी मांडेल असं वाटलं नव्हतं.

लोकांना एक गोष्ट सांगायची आहे. बिलात लागलेली वस्तू काढून टाकायचा अधिकार आम्हाला नसतो. तुम्ही म्हणता "हे तूप राहू दे", आणि आम्ही हात वर करून सुपरवायझरला बोलावतो. एका मजल्यावर एक सुपरवायझर, आठ काउंटर. ती पासवर्ड टाकेपर्यंत पाच मिनिटं जातात. मागच्या माणसाला वाटतं मुलीला काम येत नाही. ओळखीच्या माणसासाठी वस्तू बिलातून काढायची आणि पिशवीत ठेवायची, अशी चोरी पूर्वी झालेली असते म्हणून तो नियम. पण मग ५० रुपयांपर्यंतची वस्तू काढायची मुभा द्या ना आम्हाला. महिनाअखेरीला तपासा. एवढा तरी विश्वास ठेवा.

एकदा एका काकांकडे दोनशे रुपयेच होते आणि बिल दोनशे अकरा झालं. ते हळू आवाजात म्हणाले, "बाळ, बिस्किटं काढ." मी हात वर केला. सुपरवायझर लांबून मोठ्याने ओरडली, "काय काढायचंय?" सगळी रांग बघायला लागली. काकांची मान खाली गेली. ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

घाटमाथा

अशीच बिलिंग सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपनीत हिंजवडीला काम करतो, म्हणून आमचीही जबाबदारी मान्य करून लिहितो.

आम्हाला मागण्यांची यादी येते ती हेड ऑफिसकडून. ऑडिटला हे हवं, अकाउंटला ते, मार्केटिंगला नंबर. सहा वर्षांत एकाही यादीत "कॅशियरच्या मते" हे शब्द मी वाचले नाहीत. गेल्या वर्षी मी हट्टाने एक शनिवार काउंटरमागे उभा राहिलो. भाजीच्या काट्यावर कळलं की गावरान काकडी आणि साध्या काकडीची बटणं शेजारी शेजारी आहेत, अंगठ्याएवढ्या अंतरावर. काट्यावरचा माणूस हातमोजा घालून दाबतो. चूक दिवसाला दहावेळा. बटणांची जागा मीच ठरवली होती, वर्णानुक्रमाने.

ग्राहकांनीही एक बघावं. वजनाच्या मालावर जी चिकटपट्टी लावतात तिच्यावरचा बारकोड २ ने सुरू होतो, आणि वस्तूचा कोड व वजन त्यातच असतं. उदाहरणार्थ २१ ०१२३४ ००७५० १. यात ०१२३४ हा भाजीचा कोड, ००७५० म्हणजे ७५० ग्रॅम, शेवटचा पडताळणीचा आकडा. दुकानागणिक मांडणी वेगळी असते, पण काट्यावर चुकलेलं काउंटरवर दुरुस्त होत नाही, कारण तिथे फक्त ही पट्टी वाचतात. तेव्हा पट्टीवरचं नाव तिथल्या तिथे वाचून घ्या.

उंबरठा

थोडं बाजूचं वाटेल, पण रेशन दुकान हेही दुकानच. माझ्या सासूबाईंनी जन्मभर शेतात काम केलं. बोटांच्या रेषा झिजल्यात. ई-पॉस मशीनवर अंगठा लागत नाही. त्या दुकानदारावर चिडतात, तो म्हणतो "आजी, मी काय करू, मशीन घेत नाही". दोघंही खरे. मग सगळी बोटं एकेक करून. एकदा उजव्या करंगळीवर धान्य मिळालं, तेव्हापासून त्या घरातून निघताना करंगळीला खोबरेल लावतात.

जिन्नस

उंबरठाताई, हे अजिबात बाजूचं नाही. यंत्रणेत न बसणाऱ्या माणसासाठी दुसरी वाट ठेवली का, आणि ठेवली असली तर ती काउंटरवरच्या माणसाला ठाऊक आहे का, हेच सगळीकडे बघायचं. तुमच्या दुकानदाराला विचारा, रेशनकार्डाला मोबाईल जोडला असेल तर ओटीपीवर होतं का.

अल्पविराम, तुमची पन्नास रुपयांची सूचना आमच्याकडे २०२२ मध्ये एका दुकानापुरती करून बघितली होती. तीन महिन्यांत काहीही चोरीला गेलं नाही. तरी बाकी दुकानांत आली नाही. ऑडिटच्या माणसाने एकच वाक्य लिहिलं: "नियंत्रण कमी होते." मी तेव्हा भांडायला हवं होतं, भांडलो नाही. त्या काकांची गोष्ट तेव्हा माझ्याजवळ असती तर कदाचित उठून बोललो असतो.

घाटमाथा, तुमच्याशी एका मुद्द्यावर मतभेद. सॉफ्टवेअरवाल्यांनी एक दिवस उभं राहणं चांगलंच, पण ऑडिट आणि अकाउंटच्या लोकांनी उभं राहायला हवं. बटणाची जागा तुम्ही ठरवता, बटण असावं की नाही हे ते ठरवतात.

घाटमाथा

मान्य. पुढच्या मीटिंगला त्यांनाही शनिवारचं आमंत्रण देतो. संध्याकाळी सातचं.

पाणपोई

काल दुकानात गेले होते. चार साबण घेतले, दोन प्रकारचे. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "बाळा, प्रत्येक वेगळा स्कॅन कर, घाई नाही मला." तिने माझ्याकडे बघितलं. आधीच एक स्कॅन करून चार दाबले होते. तिने हात वर केला, सुपरवायझर आली, पासवर्ड टाकला, ती ओळ काढली. मग तिने चारही साबण एकेक करून स्कॅन केले, आणि शेवटचा पिशवीत ठेवताना विचारलं, "काकू, तुम्ही आधी दुकानात काम करायचात का?"